मोटरहोमसाठी गॅरेज बांधायचंय : माप नेमकं किती धरावं?

निवांत_चाकं

नमस्कार मंडळी,

नव्या घराचं काम सुरू व्हायला अजून अवकाश आहे, पण नकाशे कागदावर आलेत. घराच्या डाव्या अंगाला मोटरहोमसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, बंदिस्त गॅरेज काढायचं ठरलंय. गाडी अजून घेतलेली नाही. मन सध्या क्लास सी वर आहे, २८ ते ३० फुटांची, व्हॅनच्या केबिनमागे राहायचा डबा बांधलेली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. सौ.चं म्हणणं असं की पुढेमागे मोठी, बससारखी क्लास ए घ्यावीशी वाटली तर काय गॅरेज पाडून पुन्हा बांधणार?

आर्किटेक्टचा पहिला आराखडा असा: आतून लांबी ३६ फूट, रुंदी १४ फूट, दार १० फूट रुंद आणि १२ फूट उंच. त्याचा हिशोब, गाडी ३० फूट लांब, साडेआठ फूट रुंद, ११ फूट उंच, मग एवढं पुष्कळ झालं. कागदावर गाडी बसतेय खरी. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी सांगा, प्रत्यक्षात एवढं पुरतं का? दाराचा प्रकार, कोबा, वीज, पाणी याबद्दलही सुचेल ते लिहा.

उंटावरचा_शहाणा

गाडीचा पत्ता नाही आणि गॅरेज तयार! बाजारात तुरी... पुढचं मी लिहीत नाही, धाग्यावर वहिनी असू शकतात. (ह. घ्या.)

पहिल्या रांगेत जागा धरून बसलोय.

मोजपट्टी

शहाणेबुवा, गाडी आधी घेऊन मग तिच्या मापाने गॅरेज बांधणारे पुढची गाडी घेताना अडकतात. निवांत यांचा क्रम बरोबर आहे.

आराखड्यात मात्र घोळ आहे. मापं माहितीपत्रकातली धरलीत. मॉडेलच्या नावातला आकडा म्हणजे लांबी नव्हे. नावात २८ असलेली गाडी ३० फूट भरू शकते. त्यावर मागची शिडी, हिच (मागे काही ओढायला असतो तो जोड), सायकलींचा रॅक धरला की आणखी दोन-तीन फूट जातात. रुंदी लिहितात ती नुसत्या डब्याची, आरसे सोडून. मोठ्या गाडीचे आरसे उघडे असले की माप १० फुटांच्या आसपास जातं. म्हणजे तुमच्या १० फुटी दारातून गाडी आरसे मिटूनच न्यावी लागणार, आणि बहुतेक जण गाडी उलटी आत घालतात. आरसे मिटून रिव्हर्स घ्यायचा, हे एकदा डोळ्यांसमोर आणून बघा.

उंचीतही तीच गंमत. टपावरचा एसी एकटाच साधारण फूटभर उभा असतो. कुठे तो धरून उंची लिहिलेली असते, कुठे नसते. नंतर कोणी अँटेना बसवतो, कोणी सोलर पॅनेल.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे: गाडीला रस्त्यावर कायद्याची वेसण असते. अमेरिकेत रुंदी १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट. युरोपात २.५५ मीटर, जवळपास तेवढीच. उंची अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत साडेतेरा फूट, युरोपात बहुतेक देशांत ४ मीटर. त्यामुळे कितीही आलिशान गाडी घेतलीत तरी ती सहसा या चौकटीतच राहते. म्हणून दार १२ फूट रुंद आणि १४ फूट उंच. एवढं केलंत की पुढची गाडी कुठलीही असो, दाराची चिंता मिटली.

आणि पैशाची ओढाताण झाली तर लांबीत कापा. मागची भिंत उद्या पाडून चार फूट मागे सरकवता येते, रुंदी हवी तर बाजूला पडवी काढता येते. दाराची उंची वाढवायची म्हणजे लिंटेलपासून (दारावरच्या आडव्या तुळईपासून) छपरापर्यंत सगळं उतरवणं आलं.

कॅम्परवाली

मोजपट्टी, मुद्दा पटला, पण प्रत्येकाला चाळीस फुटी महाल नको असतो हो! आम्ही दोघंच, आणि आमची फियाट डुकाटोवर बांधलेली व्हॅन आहे. त्या व्हॅनचा सांगाडा ५.४१, ५.९९ आणि ६.३६ मीटर अशा लांबींत येतो, रुंदी २.०५ मीटर. टपावर पंखा आणि पॅनेल धरूनही १० फूट उंच दारातून सहज जाते.

व्हॅन घेणाऱ्यांसाठी सांगते, घरगुती गॅरेजचं नेहमीचं ७ किंवा ८ फूट उंच दार मात्र चालत नाही. आत उभं राहता येईल अशी व्हॅन ९ फुटांच्या आसपास असतेच. अपवाद वर उचलायच्या छताच्या गाड्यांचा. फोक्सवॅगन कॅलिफोर्निया छत मिटलं की २ मीटरच्या आत बसते, ती साध्या गॅरेजमध्ये मावते.

निवांत, आधी महिनाभर भाड्याच्या गाड्या फिरवून बघा. ३० फूट खरंच हवेत का?

निवांत_चाकं

@कॅम्परवाली, नातवंडं आहेत. व्हॅनमध्ये कोणाला टपावर बांधू?

@मोजपट्टी, आरशांचं मनातही आलं नव्हतं. आर्किटेक्टच्याही नसावं. १२ × १४ लिहून ठेवतोय.

साशंक

मी उलट बाजूने बोलतो. बंदिस्त गॅरेज हवंच कशाला?

उभ्या गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान उन्हाने होतं. टायरचं रबर, टपाचं रबरी आवरण, सांध्यांचं सीलंट, सगळं अतिनील किरणांनी तडकतं. त्यानंतर नंबर पाण्याचा, तेही टपावरून झिरपणाऱ्या. ही दोन्ही कामं चांगल्या छपराची शेड करते. भिंती नसल्या की हवा खेळती, आत दमटपणा साचत नाही, दाराचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय बंदिस्त इमारत म्हटली की बांधकामाच्या परवानग्या, कुंपणापासून सोडायचं अंतर, उंचीची मर्यादा हे सगळं आलं. १४ फुटी दार म्हणजे छपराचा माथा १८ फुटांच्या पुढे. तुमच्याकडच्या नियमात जोड-इमारतीला एवढी उंची चालते का, हे आधी तपासा. नाहीतर इथे आम्ही पन्नास प्रतिसाद लिहू आणि परवानगीवाला एका ओळीत संपवेल.

गच्चीवरून

साशंक यांच्याशी अर्धी सहमत. आमच्या शेजाऱ्यांनी असंच उंच गॅरेज बांधलंय, घराच्या अगदी पुढच्या रेषेत. घर लहान आणि गॅरेज मोठं दिसतं, पाहुणे गॅरेजचीच बेल शोधतात. निवांत, ते घराच्या पुढच्या भिंतीपासून जरा मागे घ्या, छपराचा उतार घराच्या उताराशी जुळवा. आणि त्या उंच भिंतीची सावली शेजारच्या कोणाच्या खिडकीवर पडते तेही बघा. पुढची वीस वर्षं त्यांच्याशी बोलायचंय.

उंटावरचा_शहाणा

> पाहुणे गॅरेजचीच बेल शोधतात

खिक्क! आत फ्रिज, पलंग, संडास, एसी सगळं असतंच. शोधत असतील तर त्यांचं काय चुकलं?

लोखंडी

बांधकामाच्या बाजूने लिहितो. धंदाच तो आहे.

१४ फुटी दार म्हणजे १४ फुटी छत असं धरून लोक फसतात. फळ्याफळ्यांचं दार रुळांवरून वर जाऊन छताखाली आडवं होतं. त्याला स्प्रिंग, दांडा, रूळ यांसाठी दाराच्या वर साधारण सव्वा फूट मोकळी जागा लागते, मोटर असेल तर थोडी आणखी. म्हणजे छत आतून १६ फूट धरा. गुंडाळी होणारं शटर घेतलंत तर छताखाली काही आडवं येत नाही, पण एवढ्या मोठ्या शटरची गुंडाळी जाडजूड होते, तिला लिंटेलवर दीडेक फूट तरी द्यावे लागतात. तिसरा पर्याय, रूळ आधी भिंतीलगत सरळ वर नेऊन छताजवळ वळवायचे आणि मोटर दांड्याच्या टोकाला भिंतीवर बसवायची. मधली जागा मोकळी राहते, फक्त छत आणखी उंच लागतं.

छत उंच ठेवण्याचं दुसरं कारण कोणी अजून लिहिलं नाही. टपावर चढून सीलंट तपासायचं असतं, एसी उघडायचा असतो. टप आणि छत यांत दीड फूटच अंतर असेल तर पोटावर सरपटत काम करावं लागतं. निदान ३ फूट मिळाले तर गुडघ्यांवर बसून होतं. आणि दिवे दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लावा. मध्यभागी छताला लावलेला दिवा गाडीच्या टपावर उजेड पाडतो आणि खाली कप्पे उघडताना सगळा अंधार.

रुंद दार वाऱ्याचा मोठा दाब घेतं. तुमच्याकडे वादळं होत असतील तर त्या दाबाला टिकेल असंच दार मागा, साध्या दाराला नंतर पट्ट्या ठोकून काही होत नाही.

कोबा. क्लास सी गाडी भरलेली साडेसहा टनांपर्यंत जाते, मोठी डिझेल क्लास ए तेरा टनांच्या पुढे सहज. मोटारीसाठी घालतात तो ४ इंची कोबा तिथे घालू नका. ६ इंच, सळईची जाळी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खालची भराव माती थराथराने पाणी मारून दाबलेली. कोबा तडकतो तो बहुधा खालची माती बसल्यामुळे. गाडी जॅकवर उभी करणार असाल तर सगळं वजन चार थाळ्यांवर येतं, त्यांच्याखाली जाड फळ्या ठेवा. उतार दाराकडे, १०० ला १.

वळणवाट

सगळे खोलीचं माप काढताहेत. गाडी तिथपर्यंत पोचणार कशी?

निवांत, तीन गोष्टी सांगा. दारासमोर सरळ जागा किती आहे? रस्त्यावरून वळण कुठे येतं? आणि गॅरेजकडे जाणारी वाट सपाट आहे की उताराची?

निवांत_चाकं

@वळणवाट, रस्ता वर आहे आणि घर खाली. वाट रस्त्यावरून उतरत गॅरेजपर्यंत येते, आर्किटेक्ट म्हणतो १० ला १ चा उतार. उतार संपतो तिथेच दार. सरळ जागा साधारण ३५ फूट, त्याच्या आधी काटकोनात वळण, आणि वळणाच्या आतल्या कोपऱ्यात एक जुनं झाड. झाड तोडणार नाही, आधीच सांगतो.

वळणवाट

झाड राहू द्या. उतार बदला.

उतार जिथे संपून सपाट होतो नेमकं तिथे दार असेल, तर गाडी आत जाताना पुढची चाकं खाली सपाटीवर आणि मागची अजून वर उतारावर असतात. अशा वेळी दाराखाली असलेला गाडीचा मधला भाग जमिनीपासून नेहमीपेक्षा जास्त उंच असतो. हिशोब करून बघा: दोन्ही चाकांमधलं अंतर २० फूट. पुढची चाकं १० फूट आत, मागची १० फूट बाहेर. १० ला १ च्या उतारावर मागची चाकं १ फूट वर आहेत. मग बरोबर मध्यावर, म्हणजे दाराच्या चौकटीखाली, गाडी अर्धा फूट उचललेली आहे. आणि क्लास सी चा एसी बहुतेक वेळा मध्याच्या आसपासच असतो. तुमच्या पहिल्या आराखड्यातल्या १२ फूट उंच दारात साडेअकरा फूट उंच गाडी कागदावर आरामात जाते. जागेवर एसी चौकटीला टेकतो.

आता शेपटीचं. क्लास सी मध्ये मागच्या चाकांच्या मागे १० फुटांपर्यंत डबा लोंबत असू शकतो. गाडी उलटी बाहेर काढताना मागची चाकं उताराच्या पायथ्याशी येतात, तेव्हा ती १० फुटी शेपटी आधीच उतारावर पोचलेली असते, आणि तिथली जमीन १ फूट वर आलेली असते. हिच बऱ्याचदा जमिनीपासून जेमतेम तेवढाच वर असतो. घासणारच. पुढून बाहेर काढलीत तरी तेच, पुढची चाकं उतारावर चढली की नाक वर आणि शेपूट खाली.

उपाय एकच, दाराबाहेर निदान एका गाडीएवढी जागा सपाट करा. उतार त्याच्या आधी संपवा आणि संपताना एकदम न मोडता हळूहळू सपाट करत आणा. मग दाराचं १४ फुटांचं माप खरंखुरं १४ फूट मिळेल.

वळणाबद्दल: लांब शेपटीची गाडी डावीकडे वळवली की तिचं मागचं टोक उजवीकडे झोकांडी घेतं. झाड आतल्या कोपऱ्यात आहे, तिथे मागची चाकं आत कापत येणार. आणि त्याच वेळी बाहेरच्या बाजूला शेपूट फिरणार, तिथे काय आहे? कुंपण असेल तर ते हलवा. गाडी दारात सरळ शिरली नाही तर १२ फुटी दारही अरुंद वाटतं. ३५ फुटांत ३० फुटी गाडी वळून सरळ होणं कठीण आहे. जमलं तर दार १४ फूट रुंद करा.

मोजपट्टी

वळणवाट, दंडवत. माझ्या उंचीच्या मुद्द्यात हे राहून गेलं होतं.

त्यात भर घालतो. गाडीची उंची ठरलेली नसते. प्रवासाला निघताना पाण्याची टाकी, सामान, माणसं भरलेली असतात, स्प्रिंगा दबलेल्या असतात. परत येते तेव्हा टाक्या रिकाम्या. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो. रिकामी गाडी थोडी वर उठते. हवेच्या सस्पेन्शनची गाडी असेल तर इंजिन चालू असताना आणखी वर, हवा सोडली की काही इंच खाली. म्हणून उंची मोजायची ती रिकाम्या गाडीची, टायरमध्ये पूर्ण हवा असताना, टपावरच्या सगळ्यात उंच वस्तूपर्यंत. आणि वाटेवर पुढे कधी डांबराचा नवा थर घातलात तर तेवढे इंच दारातून वजा.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे प्रवासाहून आल्यावर गॅरेजमध्ये शिरताना सासरच्या सगळ्या मंडळींना गाडीत बसवून ठेवायचं. स्प्रिंगा दबतात.

गच्चीवरून

@शहाणे, माहेरच्यांचं वजन कमी असतं वाटतं?

पडवीवाला

मध्येच घुसतो, क्षमस्व. विषयांतर आहे, पण आमच्याकडे मोटरहोम नाही, ओढायचा कॅरॅव्हॅन आहे. त्याला हेच माप लागू का?

मोजपट्टी

@पडवीवाला, कॅरॅव्हॅनची लांबी बघताना पुढचा जोडदांडा धरलाय की नाही ते बघा. दांडा तीन-चार फुटांचा असतो. शिवाय ओढणारी मोटारही सरळ रेषेत मागे यावी लागते, म्हणजे दारासमोर दोन्हींच्या लांबीएवढी जागा हवी. ती नसेल तर जागा बदलणारी छोटी मोटर मिळते, कॅरॅव्हॅनच्या चाकाला लावायची, रिमोटवर चालते. तिने अडचणीच्या कोपऱ्यात कॅरॅव्हॅन जागच्या जागी फिरवता येतो. पिकअपच्या हौद्यावर जोडतात तो फिफ्थ व्हील असेल तर मात्र उंची साडेतेरापर्यंत जाते, दार १४ चंच.

वायरमन_नाना

वीज राहिली. उभ्या गाडीला बॅटरी चार्ज ठेवायला थोडीच वीज पुरते, पण आत एसी लावून बसायचं असेल, किंवा पाहुण्यांना गाडीत झोपवायचं असेल (वरचा विनोद खरा करायचा असेल) तर स्वतंत्र जोड काढा. उत्तर अमेरिकेतल्या गाड्यांना ३० किंवा ५० अँपिअरचं सॉकेट लागतं. दोन्ही सॉकेटं वेगळी, आणि ५० अँपिअरची लाईन म्हणजे ३० पेक्षा नुसती थोडी मोठी नव्हे: ३० ची १२० व्होल्टवर ३६०० वॉट देते, ५० च्या लाईनमध्ये दोन फेज असतात, ती १२,००० वॉटपर्यंत जाते. युरोपातल्या गाड्यांना निळं १६ अँपिअरचं, २३० व्होल्टचं. आज क्लास सी असेल तरी पाईप आणि वायर मोठ्या जोडाच्याच हिशोबाने टाका. कोबा ओतल्यावर पाईप टाकणं म्हणजे डोकेदुखी.

आता ज्याबद्दल मला खरं बोलायचंय ते गॅसचं. गाडीत एलपीजी असतो. तो हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून हवेची जाळी भिंतीत अगदी खाली, कोब्यालगत, समोरासमोर दोन तरी द्या. ऑइल बदलायला खड्डा खणायची हौस असेल तर विसरा, गळलेला गॅस त्यातच जाऊन बसेल. सॉकेटं आणि स्विच वर घ्या. अमेरिकेत ठिणगी पडू शकेल असं उपकरण गॅरेजमध्ये कोब्यापासून १८ इंच वर ठेवावं असा नियम आहे. गॅरेजमध्ये नेण्याआधी सिलिंडरची तोटी बंद, गॅसवर चालणारा फ्रिज बंद. आणि बंद गॅरेजमध्ये जनरेटर किंवा इंजिन दोन मिनिटंही चालवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅरेज घराला चिकटून असेल तर मधल्या भिंतीवर आणि आतल्या दारावर खर्च करा, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो उलट हलका, वर जातो. म्हणून जाळी वरही हवी.

साशंक

नाना, एवढं सगळं वाचून माझी शेड आणखीच बरी वाटायला लागली. गॅस खालून जातो, हायड्रोजन वरून जातो, आणि आम्ही निवांत.

वायरमन_नाना

@साशंक, हवेच्या बाबतीत मान्य. चोरी, उंदीर आणि उडून येणारा पाला याबद्दल शेड काय करते तेही लिहा की. उंदरांना गाडीतल्या वायरी फार आवडतात.

साशंक

उंदीर गॅरेजमध्येही जातात. दार उघडून आत बोलावावं लागत नाही. पण चोरीचं मान्य.

कॅम्परवाली

स्लाइड-आउटबद्दल कोणी बोललंच नाही. निवांत, तुमच्या क्लास सी ला बाजूची खोली बाहेर सरकणारी असेल तर १४ फूट रुंदी पुरणार नाही. साडेआठ फूट डबा, एक स्लाइड ३ फुटांपर्यंत, दोन्हीकडे असतील तर एकूण साडेचौदा. आणि भिंतीपासून माणूस जायला जागा कुठे?

मोजपट्टी

बरोबर. गॅरेजमध्ये स्लाइड बाहेर काढून ठेवायची नसते, आत असलेलीच बरी, रबरी कडा झाकलेल्या राहतात. पण सामान भरताना, साफसफाईला, दुरुस्तीला ती उघडावी लागते. काही गाड्यांत स्लाइड आत असली की पलंगापर्यंत किंवा फ्रिजपर्यंत पोचताच येत नाही. म्हणून रुंदी २० फूट धरा. एवढी जागा नसेल तर गाडी मध्यावर उभी न करता एका भिंतीकडे सरकवा आणि स्लाइडच्या बाजूला जागा सोडा.

गाडीचं दार रस्त्याच्या कडेच्या बाजूला असतं. गाडी उलटी आत घातली की ते गॅरेजच्या दुसऱ्या भिंतीकडे येतं. तुमचं घराकडे उघडणारं छोटं दार कुठल्या भिंतीत काढायचं ते आधी यावरून ठरवा. नाहीतर दर वेळी सामान घेऊन गाडीला प्रदक्षिणा.

निवांत_चाकं

मंडळी, आर्किटेक्टबरोबर बसलो होतो. आधी त्याला वळणवाट यांचा अर्ध्या फुटाचा हिशोब दाखवला. त्याने कागदावर गाडीचा छेद काढून सरकवून पाहिला आणि गप्प झाला.

परवानगीत जोड-इमारतीचा माथा २० फुटांपर्यंत चालतो, म्हणजे साशंक यांची भीती टळली. नवा आराखडा: दार १४ × १४, छत आतून १६ फूट, रुंदी २० फूट, दाराबाहेर सपाट जागा. पण रस्त्याची पातळी आणि गॅरेजची पातळी ठरलेली, त्यामुळे सपाट जागा वाढवली की उरलेला उतार आणखी तीव्र होतो. म्हणून कोबा थोडा उचलून घेऊ म्हणतोय. लांबी मात्र ४० फूटच ठेवता येते, मागे सांडपाण्याची टाकी येते. सौ. विचारतेय, क्लास ए चं काय?

लोखंडी

कोबा उचला, बरोबर आहे. उतार गॅरेजकडेच येतोय, तर पावसाचं पाणीही तिकडेच येणार. दारासमोर आडवी जाळीदार गटार घाला, जाळी गाडीचं वजन पेलणारी. साधी जाळी पहिल्या चाकाखाली वाकते.

४० फुटांत क्लास ए चं गणित: मागे-पुढे मिळून निदान ५-६ फूट चालायला हवेत. म्हणजे ३४ फुटांपर्यंतची गाडी बसते. क्लास ए साधारण २६ फुटांपासून मिळते, ४५ पर्यंत जाते. वहिनींना सांगा, क्लास ए बसेल, फक्त शेवटच्या आकाराची नाही. आणि मागची भिंत भार न पेलणारी ठेवा, टाकी कधी हलवलीत तर ती भिंतही हलवता येईल.

गच्चीवरून

सांडपाण्याची टाकी मागेच आहे तर गाडीच्या मैल्याच्या टाकीचा निचरा तिथेच द्या ना! तोंड झाकणबंद आणि बाहेरच्या अंगाला. गॅरेजच्या आत नको, वास. अर्थात अशी जोडणी तुमच्याकडच्या नियमात बसते का ते विचारून.

वळणवाट

निवांत, पाया खणण्याआधी एक करा. जागेवर चुन्याच्या फक्कीने वाट, वळण, दार, भिंती सगळं आखा. दाराच्या दोन कडांना बांबू रोवा आणि भाड्याने ३० फुटी गाडी आणून त्या रेषांवरून आत-बाहेर करा. एक जण झाडाशी, एक जण शेपटीशी उभा राहू दे. उतार अजून तयार नसेल, पण वळण जमतं की नाही ते तिथेच कळेल.

निवांत_चाकं

हे उत्तम. गाडी भाड्याने मिळतेय का बघतो.

मोजपट्टी

टपावर एसी आणि मागे रॅक असलेलीच मागा. आणि आणल्यावर टेप घेऊन वर चढा, माहितीपत्रक घरी ठेवून.

उंटावरचा_शहाणा

बांबू दोन जादा आणा. पहिले दोन वळणवाट यांना दाखवण्यापुरते उभे राहतील.